गुडघ्यातली अक्कल

मराठी भाषेने गुडघ्यावर फार अन्याय केला आहे. कुणाला अक्कल कमी असली, की ती गुडघ्यात. कुणाला लग्नाची घाई झाली, की बाशिंग गुडघ्याला. आणि कुणी हरला, की त्याने म्हणे गुडघे टेकले! एवढं ऐकून घेऊनही तो बिचारा साठ वर्षं कुरकुरत नाही. मग मात्र अक्षरशः कुरकुरू लागतो.

आमच्या सौ.चे गुडघे असेच बोलू लागले. पनवेल स्टेशनचा जिना चढताना ती मध्येच थांबून इंडिकेटर वाचायची. मला वाटे, काय हिला गाड्यांची आवड! पुढे वडाळे तलावाची फेरी पहिल्या बाकाशीच संपू लागली, तेव्हा डॉक्टर गाठले. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं.

गुडघा बदलायचा म्हणजे एस.टी.चं चाक बदलतात तसा अख्खा काढून दुसरा घालतात, अशी माझी समजूत. तसं नसतं. झिजलेला पृष्ठभाग तेवढा कापून मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी घालतात, नडगीवर धातूची बशी बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती. अटलबिहारी वाजपेयींचा एक गुडघा २००० साली आणि दुसरा २००१ साली मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला होता. पंतप्रधान खाटेवर असतानाही देश चालला. आमचं घर चालेल का, हा खरा प्रश्न होता. खर्चाचाही होताच, पण २०१७च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना लगाम घातल्यापासून आमच्यासारखे निदान चौकशीला तरी धजावतात.

"पण झिजला कशाने?" मी डॉक्टरांना विचारलं.

"वय, वजन, आनुवंशिकता, वर्षानुवर्षं उकिडवं बसणं. एकाच कारणावर बोट नाही ठेवता येत."

म्हणजे संशयाचा फायदा मिळून मी सुटलो! पण रात्री हॉस्पिटलच्या खुर्चीवर झोप येईना, तेव्हा खटला पुन्हा उभा राहिला. लग्नानंतर कित्येक वर्षं घरात ओटा नव्हता. स्टोव्ह जमिनीवर, कपडे मोरीत, फरशी फडक्याने. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या उशाशी ही जमिनीवर बसलेली. आणि मी पाटावरून नुसतं "मीठ" म्हणायचो. चिमूटभर मिठासाठी एक उठणं आणि एक बसणं. माझे गुडघे अजून कोरे करकरीत आहेत. लोक कौतुक करतात. कौतुक कसलं, वापरलेच नाहीत!

आता प्रश्न असा, की ही झीज कुणाच्या खात्यावर मांडायची? सकाळी मी चाचरत सौ.ला तसं म्हणालो. ती म्हणाली, "अहो, सगळ्याच बायका करतात." त्याने माझं समाधान झालं नाही. सगळ्यांनीच उधारी ठेवली म्हणून माझी फिटत नाही. फक्त वाण्याची वही जाड होते. डॉक्टर गुडघा नवा देतात, चाळीस वर्षं नवी देत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला वॉकर देऊन उभं केलं. घरी आल्यावर टाच पलंगावर घासत गुडघा वाकवायचा, काटकोनापर्यंत तरी आणायचा. ती दात-ओठ खायची, मी आकडे मोजायचो. "दहा म्हणालात, हे बारावं!" ती ओरडायची. मोजायचं काम तेवढं माझं, तेही चुकायचं.

जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसणं आता तिला बंद. परवा तिची गोळी घरंगळत पलंगाखाली गेली. मी गुडघे टेकले, आत हात घातला.

"खाली गेलाच आहात, तर तिथली धूळही पुसून घ्या," सौ. खुर्चीवरून म्हणाली.

पुसली. चांगली चार फडकी धूळ निघाली. अक्कल गुडघ्यात असते हे खरंच असावं. फक्त ते टेकल्याखेरीज तिचा पत्ता लागत नाही. मग उठायला गेलो, तर उठता येईना. माझ्या कोऱ्या गुडघ्यांतून कटकन आवाज आला.

सौ.ने काही न बोलता आपला वॉकर माझ्याकडे सरकवला.