ओल उतरेपर्यंत

शेतीत नव्याने उतरणाऱ्यांशी आज दोन शब्द. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं आणि पहिल्या सरीबरोबर पेरणीसाठी हात शिवशिवतात. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल उतरल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. घाई केली आणि पावसाने ताण दिला, तर दुबार पेरणी ओढवते. बियाण्याचा तो दुहेरी खर्च लहान शेतकऱ्याला मोडून टाकतो. तोवर गोठा बघा. जनावरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यायच्या असतात. ओलीचं महत्त्व रब्बीतही तितकंच: सोलापूरकडची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात, मुरलेल्या ओलीवर पेरतात. दाणा माणसाला, कडबा जनावराला. मला हे पीक म्हणूनच फार मोलाचं वाटतं. पहिल्या वर्षी थोडंच पेरा, एखादी शेळी सांभाळा आणि बांधाशेजारच्या जुन्या शेतकऱ्याला विचारत राहा.