जेवायला काय नेसू?

गेल्या वर्षी जूनमध्ये मुलगा आणि सून आम्हा दोघांना सिॲटलहून अलास्काच्या सात दिवसांच्या बोटीच्या सफरीला घेऊन गेले. निघायच्या आधी महिनाभर सून फोनवर एकच विचारत होती, "आई, फॉर्मल नाइटला तुम्ही काय नेसणार?" मी म्हटलं, "अगं, जेवायला जायचंय की लग्नाला?" ती हसली, पण दुसऱ्या दिवशी बोटवाल्यांचं नियमांचं पत्रक मोबाइलवर पाठवून दिलं.

त्यात सगळं बारीक लिहिलेलं होतं. रोजच्या संध्याकाळी 'स्मार्ट कॅज्युअल', म्हणजे साधे पण नीटनेटके कपडे. सातांपैकी दोन संध्याकाळी 'फॉर्मल': पुरुषांना सूट, निदान कोट आणि टाय, बायकांना लांब गाऊन. आपल्या देशाचा पोशाख केला तरी चालेल. मोठ्या जेवणघरात अर्धी चड्डी आणि पोहायचे कपडे चालणार नाहीत. हे ज्याला नको असेल त्यानं वर बुफेत जावं, तिथं कुणी काही विचारत नाही. विमानं नव्हती तेव्हा अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या बोटींवर वरच्या वर्गातली माणसं रोज रात्री कपडे बदलून जेवायला येत. पहिल्या रात्री तेवढी सूट असे, कारण पेट्या उघडलेल्या नसत. त्या रिवाजाचं हे उरलेलं शेपूट.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कसला? मलाही तसंच वाटलं होतं. पण आपल्या धर्मानं जेवण आणि कपडे एकाच व्रतात बांधले आहेत, हे तेव्हा आठवलं. जे एकदा वापरून संपतं तो भोग, अन्नासारखा. जे पुन्हा पुन्हा वापरतो तो उपभोग, कपड्यासारखा. या दोन्हींचं माप ठरवून घ्यायचं ते भोगोपभोग-परिमाण व्रत. ताटातल्या मापाचा हिशेब आपण बायका चोख ठेवतो. कांदा नाही, बटाटा नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही. कपाटाचं माप कुणी काढतं का?

आपले मुनी तर वस्त्रच सोडतात. आर्यिका माताजींच्या अंगावर एक पांढरी साडी असते. आचार्य शांतिसागर महाराज आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे. दीक्षेआधी त्यांच्या घरी कापडाचं दुकान होतं, असं चरित्रात सांगतात. कापड मोजून देणाऱ्या माणसानंच कापड सोडलं. आणि त्यांच्या नावानं जयजयकार करणाऱ्या आम्ही पंचकल्याणकाला पाच दिवसांच्या पाच रेशमी साड्या आधीच काढून ठेवतो!

रेशमाचं सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त बोलत कुणी नाही. किडा स्वतःभोवती कोश विणतो. पतंग बाहेर पडला तर कोश फुटतो आणि अखंड धागा मिळत नाही, म्हणून आतल्या जिवासकट कोश उकळतात किंवा वाफवतात. एका साडीला असे हजारो कोश लागतात. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या कुसुमा राजय्यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशापासून 'अहिंसा रेशीम' काढलं, पण आपल्या दुकानात कोण ते मागतं? ताटात मुळा आला तर आपण हात मागे घेतो आणि तेच ताट वाढताना पदर मात्र रेशमाचा असतो. बारा वर्षांपूर्वी हे मनाला लागलं आणि मी रेशीम नेसणं बंद केलं.

तेव्हा बोटीसाठी माझं ठरलेलं होतं: सुती इरकल, हिरवी, लाल काठाची. सून म्हणाली, "छान. मग आजींचा तो शालू मी नेसू का? गाऊन मला आवडत नाही." माझ्या सासूबाईंच्या लग्नातला शालू कपाटात तसाच आहे. मी पटकन म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत नको." ती गप्प झाली. पुढचे आठ दिवस फोनवर फक्त तिकिटांचं बोलणं झालं.

दुसरी चिंता जेवणाच्या वेळेची होती. बोटीवर दोन पंगती, एक साडेपाचला आणि दुसरी आठला. माझा रात्रीच्या जेवणाचा त्याग आहे. मुलाला साडेपाचची पंगत मिळाली नाही. पण जूनमध्ये त्या बाजूला सूर्य साडेनऊ-दहाशिवाय मावळतच नाही. सव्वाआठला मी जेवायला बसले तेव्हा खिडकीतून ऊन थेट ताटात येत होतं. समोर बर्फाचे डोंगर. आपल्याकडे पाच वाजल्यापासून घड्याळाकडे बघत जेवणाऱ्या मला ते ऊन बघून भरून आलं.

त्या संध्याकाळी माझ्याभोवती चमचमते गाऊन होते, माझी सुती इरकल होती आणि मनात एक शांत समाधान होतं. निदान मला ते शांत वाटत होतं. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईंनी साडीचं कौतुक केलं. मी तिला अभिमानानं सांगितलं की ही हातमागाची आहे आणि हिच्यासाठी एकही जीव मेलेला नाही.

मग आमचा वाढपी आला. सासष्टीचा पोरगा, आठ महिन्यांच्या करारावर बोटीवर आलेला. कोकणीमिश्रित मराठीत म्हणाला, "मावशी, तुम्ही बेळगावकडच्या ना? साडी बघितली आणि ओळखलं. मडगावच्या बाजारात बेळगावहून भाजी घेऊन येणाऱ्या बायका अशाच नेसतात. मला एकदम घरची आठवण आली."

किती प्रेमानं बोलला होता तो! आणि माझ्या आत काहीतरी टचकन टोचलं. भाजीवाली? मी नीट जपलेली, मुद्दाम इलकलहून आणलेली साडी, आणि भाजीवालीची? मी हसले, "हो रे बाबा," म्हणाले, पण पुढचे दोन घास उतरले नाहीत.

रात्री झोप येईना. बाहेर उजेडच होता म्हणा. विचार करत पडले. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. गाऊनवाल्या बाईचा मान तिच्या हिऱ्यात होता, तो मला दुरून दिसला. माझा मान माझ्या सुती साडीत लपून बसला होता, तो मला दिसला नाही. मला साधेपणा हवा होता, पण तो लोकांनी साधेपणा म्हणून ओळखला पाहिजे, कौतुक केलं पाहिजे, अशी अट होती. खऱ्याच गरीब बाईशी माझी बरोबरी झाली तेव्हा ती अट मोडली आणि मला दुखलं.

आणि तो शालू? तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रह वस्तूवरून नव्हे, वस्तूतल्या गुंतण्यावरून ठरवला आहे. बारा वर्षं मी शालू नेसला नव्हता, पण सोडलाही नव्हता. दर दिवाळीला उन्हात धरून, घडी मोडून पुन्हा घालत होते. सुनेनं मागितल्यावर माझ्या तोंडून जे निघालं त्यात अहिंसा किती आणि 'माझा' किती, हे मला त्या रात्री नक्की सांगता आलं नाही. आजही येत नाही.

आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हींचा दोष लागतो. म्हणून देऊ की नको, यावर मी बराच विचार केला. त्या शालूसाठी गेलेले जीव सत्तर वर्षांपूर्वी गेले. तो नेसल्यानं नवा कोश उकळत नाही. पण नेसलेला बघून दुसरीला हौस वाटते, हेही खरं.

सफर संपल्यावर मी सुनेला म्हटलं, "शालू तुझा. कसा बनतो तेही सांगते, ते ऐक. मग नेस, नाहीतर जपून ठेव, तुझं तू ठरव. आणि त्या दिवशी मी जे बोलले ते चुकलं." ती म्हणाली, "आई, मला शालू नको होता. आजींची एखादी वस्तू अंगावर हवी होती." मी किती कमी ऐकलं होतं!

मैत्रिणींनो, दुसऱ्याच्या टेबलावर जेवायला जाताना त्याच्या रीतीचा मान राखून नीटनेटकं जावं, यात मला काही गैर वाटत नाही. वाढणाऱ्याचाही तो आदर आहे. रेशीम मी अजूनही नेसत नाही, आणि तुम्हीही विचार करावा असं म्हणेन. पण आता बाजारात जाताना मी तीच हिरवी इरकल नेसते. भाजीवाल्या मावशी परवा म्हणाल्या, "बाई, तुमची-माझी साडी सारखीच की!" अजून थोडं टोचतं. पण पूर्वीपेक्षा कमी.