पानामागचा पांढरा ठिपका



निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांत हल्ली शेतकरी पान उलटे करतो, मोबाईलला छोटेसे भिंग लावतो आणि पानामागच्या किडीचा फोटो काढून कृषी सल्लागाराला पाठवतो. अशा अतिजवळून काढलेल्या फोटोला मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. डोळ्यांना जो पांढरा ठिपका वाटतो, तो फोटोत पाय, तोंड, अंगावरचे वळे असलेला पूर्ण जीव होऊन समोर येतो. यातून एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. जवळून पाहिले म्हणजे आपण न्यायाने वागू लागतो का?

पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग, बागाईतदाराला वेगळा सांगायला नको. अंगावर पिठासारखा मेणचट थर असलेली ही कीड वेलीचा रस शोषते आणि चिकट द्रव सोडते. त्यावर काळी बुरशी चढते व घड बाजारातून बाद होतो. त्या घडावर वर्षाची मेहनत आणि सोसायटीचे कर्ज उभे असते. म्हणून पांढरे दिसले की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. त्याला दोष कोण देणार?

पण कधी कधी त्याच वेलीवर अगदी तशीच पांढरी, मेणाच्या धाग्यांनी झाकलेली दुसरी एक अळी फिरत असते. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. लांबी जेमतेम ४ मिलिमीटर, पण तो आणि त्याची अळी दोघेही मिलीबग खातात. त्याच्या कुळातील किड्यांना युरोपातील भाविकांनी पवित्र मारियेचे नाव दिले; इंग्रजी आणि जर्मन नावांत ते आजही टिकून आहे. म्हणजे रक्षकाचे रूप थेट शत्रूसारखे! फोटो मोठा करून पाहिला तर अळीचे लांब धागे ओळखू येतात. न पाहता मारलेल्या फवाऱ्यात शत्रूबरोबर रक्षकही मरू शकतो.

मग फोटो पूर्ण सत्य सांगतो का? तसेही नाही. इतक्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर भागच स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर होतात. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात विश्वासांगीकार समजावताना सांगितले होते की, एका माशीचे स्वरूपदेखील कोणा तत्त्ववेत्त्याला पूर्णपणे उलगडलेले नाही. शिवाय जवळून पाहणारा प्रत्येक जण प्रेमानेच पाहतो असेही नाही. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये गारठवून किंवा मारून फोटो काढणारेही आहेत. चित्र सुंदर येते, पण पाहिलेला जीव केवळ वस्तू होतो. आपणही शेजाऱ्याच्या चुका अशाच बारकाईने पाहतो, मोबाईलवर साठवतो आणि पुढे पाठवतो.

मत्तयच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात शेतमालक निदण उपटू देत नाही, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. तो कापणीपर्यंत थांबायला सांगतो. आपला बागाईतदार म्हणेल, "फादर, इतके थांबलो तर घड हाती लागायचे नाहीत." ते खरेच आहे. किडीचा निवाडा भिंगाने करता येतो. पान उलटावे, नीट ओळखावे आणि गरज असेल तर औषध मारावे. अळीचे पुढे काय होणार हे तिच्या स्वभावातच ठरलेले असते. माणसाचे तसे नाही. देवाने त्याला स्वातंत्र्य दिले आहे. आज निदण वाटणारा उद्या पश्चात्तापाने गहू होऊ शकतो. म्हणून माणसाचा अखेरचा निवाडा करणारे भिंग आपल्या हाती दिलेले नाही. चूक दाखवावी, अन्याय थांबवावा, पण कोणावर कायमचा शिक्का मारू नये.

आपल्या घरात, वाडीत, चर्चच्या बाकावर आपण ज्यांना दुरूनच कीड ठरवून टाकले आहे, अशा एका व्यक्तीकडे या आठवड्यात आपण स्वतः जाऊ या. आपले ठरलेले मत बाजूला ठेवून तिचे म्हणणे ऐकू या. त्यासाठी लागणारा धीर प्रभू येशू आपल्याला देवो.