रिकाम्या चार जागा

गेल्या आठवड्यात रोह्याहून पेणला निघालो. एकटाच, गाडी घेऊन. भिसे खिंडीच्या अलीकडे एका आजींनी हात दाखवला. मी थांबलो नाही. उशीर झालाय, अनोळखी माणसाला कशाला घ्या, एसटी येईलच की मागून. खिंड उतरेपर्यंत कारणं भरपूर जमली. नागोठण्याला महामार्गाला लागताना आरशात मागची रिकामी सीट दिसली आणि ती पेणपर्यंत दिसत राहिली.

पेणच्या स्टँडवर मिनीडोर उभी होती. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, याचा मला पूर्वी राग यायचा. त्या दिवशी वाटलं, हिचा हिशेब माझ्यापेक्षा सरळ आहे. मी चार जागा रिकाम्या ठेवून तिच्याहून जास्त रस्ता अडवतो आणि वर कोंडीबद्दल कुरकुरतो. मूर्तींचे टेम्पो त्याच कोंडीत उभे असतात. त्यांच्यात निदान गणपती तरी असतात!

पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि दशक उलटलं तरी रेंगाळत राहिलं. त्या खड्ड्यांवर मी कितीदा तरी लिहिलं. रेल्वे मात्र १९८६ सालीच रोह्याला पोचली आहे. रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी ताटकळावं लागतं. या मेमू गाडीच्या फेऱ्या वाढवा, असं मी एकदाही लिहिलं नाही. मला गाडी होती ना.

२०१५ च्या स्मार्ट सिटी योजनेतल्या शंभर शहरांत पेण-रोहा नव्हतेच. आता मात्र उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर ‘तिसरी मुंबई’ आखली जाते आहे. तिचा भरवसा २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या अटल सेतूवर. २१.८ किलोमीटरचा पूल. त्यावर सायकल, दुचाकी आणि रिक्षाला मज्जाव. कारण सुरक्षेचं आहे आणि ते खोटं नाही. पण ज्याची ऐपत दुचाकीपर्यंतच, त्याने बसची वाट बघायची. म्हणजे मुंबई त्याला किती जवळ, हे पुलाच्या लांबीवर नाही, बस किती वाजता सुटते यावर ठरणार.

रोह्यातच जन्मलेल्या, स्वाध्याय चळवळ उभारणाऱ्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या भक्तिफेरीत माणसं पदरमोड करून गावोगाव, दारोदार जात. वाटेतल्या माणसाला भेटणं हेच त्यांच्या जाण्याचं कारण. आम्ही मात्र काचा वर करून पोचतो.

नव्या शहराच्या नकाशात मिनीडोरचा स्टँड आणि चालणाऱ्याची वाट कुठे आहे, हे विचारायला हवं. मी विचारणार आहे. त्याआधी येत्या बुधवारी पेणला मेमूने जायचं ठरवलंय. वेळापत्रक काढून ठेवलं. पहाटे उठणं तेवढं जड जाणार.