आपल्यापुढील धाव

आधारवचने : इब्री लोकांस पत्र १२:१, २



प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस बोध करिताना धावणाऱ्यांचा दाखला घेतला; कारण त्या नगराजवळ इस्थमच्या क्रीडा भरत असत, व शर्यत म्हणजे काय हे तेथील लहानथोरांस ठाऊक होते. आम्हीही आज आपल्याच महाराष्ट्रातील एका स्त्रीचा दाखला आपणांपुढे ठेवितो.

सातारा जिल्ह्यातील माण तालुका अवर्षणाकरिता प्रसिद्ध आहे. तेथील मोही गावी, शेतकऱ्याच्या घरी, १९८९ साली ललिता बाबर यांचा जन्म झाला. पुढे मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीत २०१२, २०१३ व २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे त्या भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या. ही धाव ४२.१९५ किलोमीटरांची असते. यवतमाळहून दारव्ह्यास जो पायी गेला असेल, त्यास ह्या अंतराची कल्पना सहज येईल. ऑलिंपिकमध्ये पुरुषांकरिता ती १८९६ पासून होती. स्त्रियांस मात्र १९८४ पर्यंत वाट पाहावी लागली, कारण एवढे अंतर स्त्रीदेहास झेपणार नाही, असे पुष्कळ जाणते म्हणत असत.

ह्या दाखल्यावरून तीन गोष्टी शिकाव्या.

पहिली ही की, धाव नेमलेली असते. ती सोपी असेलच असे नाही. जेथे जय मिळत होता तेवढ्यावरच न थांबता ललिताबाई तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या. तीत अठ्ठावीस वेळा आडव्या लाकडावरून व सात वेळा पाण्यावरून जावे लागते. तीत त्यांस २०१४ साली इंचॉन येथील आशियाई खेळांत कांस्यपदक व २०१५ साली वुहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. अडथळा दिसला म्हणजे वाट चुकली, असे समजू नये.

दुसरी गोष्ट ओझ्याची. शास्त्रलेखक पाप व ओझे ही दोन निरनिराळी सांगतो. जे पाप नव्हे, तेही धावणाऱ्यास खाली ओढू शकते. आणि बंधूंनो, सर्वच ओझी धावणाऱ्याने स्वतः उचललेली नसतात. वेचणीचे दिवस आले म्हणजे आपल्या गावांत मुलगा शाळेत जातो व मुलगी पऱ्हाटीच्या शेतात जाते. डोक्यावर कापसाचे गाठोडे देऊन, "ही मागे का पडली?" असे आपणच विचारतो! घरात अडचण आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ती अडचण नेहमी लेकीच्याच माथी का यावी? ज्या साक्षीदारांविषयी इब्री पत्रात लिहिले आहे, ते धावणाऱ्यास धीर देतात. त्याच्या पायांत पाय घालीत नाहीत. उपदेशक बंधूंनी घरोघरी भेटीस जाताना प्रार्थनेपूर्वी एवढे विचारावे : "तुमची मुलगी आज शाळेत गेली होती काय?"

तिसरी गोष्ट शेवटाची. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये ललिताबाई अंतिम शर्यतीस पोहोचल्या. १९८४ साली पी. टी. उषा पोहोचल्या होत्या; त्यानंतर बत्तीस वर्षांत धावपट्टीवरील वैयक्तिक अंतिम शर्यतीत उतरलेली ही पहिलीच भारतीय स्त्री. तेथे त्यांस दहावे स्थान मिळाले. पदक मिळाले नाही. म्हणून ती धाव व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. जगाच्या शर्यतीत मुकुट एकासच मिळतो. प्रभूच्या शर्यतीत जो शेवटपर्यंत धावतो, त्या प्रत्येकाकरिता तो राखून ठेविला आहे.

तर ह्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबप्रमुखाने देवासमोर बसून आपले मन शोधावे, व आपण घरातील कोणाच्या माथ्यावर कोणते ओझे ठेविले आहे हे पाहावे. ते आपल्याच हातांनी उतरवावे. मग येशूकडे दृष्टी लावून बापलेकी, मायलेक सर्वांनी मिळून धावावे. तसे करण्यास प्रभू आपणां सर्वांस कृपा देवो. आमेन.