अवधान

माउली, आमच्या आर्णीच्या बाजारात वऱ्हाडी चालते, तांड्यांवरची गोरमाटी चालते, हिंदीही चालते. सौदा अडत नाही. अडते ते एकाच मायबोलीच्या घरात! वीतभर बांधावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे अबोला धरतात, आणि वारीत अनोळख्याच्याही पाया पडतात.

नाथमहाराजांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आठवा. एक मराठीत बोलतो, दुसरा हिंदीत. तरी एकमेकांचा शब्दन् शब्द कळतो. कळूनही आधी भांडणच होते, कारण दोघेही उत्तर तयार ठेवून ऐकतात. शेवटी मात्र दोघे आलिंगन देतात. भाषा तीच राहिली, कान बदलले.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच ज्ञानोबाराय श्रोत्यांकडे अवधान मागतात. मान डोलावणारा श्रोता ऐकतोच असे नाही. पुष्कळदा तो शेजाऱ्याला लागू पडणारे वाक्य वेचत असतो. (आम्ही कीर्तनकारही कमी नाही. गादीवरून आम्हाला श्रोत्याची शंका सहसा ऐकूच येत नाही.)

भावाकडे जाल तेव्हा मोजणीचे कागद घरी ठेवा. त्याचे बोलणे पुरे होऊ द्या, मध्ये 'पण' घालू नका. मग तो काय म्हणाला ते त्यालाच सांगून विचारा, 'असंच ना?' तो 'नाही' म्हणाला, तर पुन्हा ऐका.