प्रवेशानंतरचा प्रश्न

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने केलेली दरखास्त मुंबई सरकारने फेटाळली, ती या सबबीवर की, त्या एकाच्या प्रवेशाने शाळा बाकीच्या सर्वांस निरुपयोगी होईल. आरंभच असा झाल्यामुळे समान शिक्षणाच्या कल्पनेचा सारा व्याप पुढे दीर्घकाळ दार उघडून घेण्यापुरता राहिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती कल्पना पालटली. निजामी अंमल संपून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९५० साली, त्यांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. दुसऱ्याच्या दारी अर्ज करण्यापेक्षा स्वतः संस्था उभारावी आणि तिचे दार सर्वांस मोकळे ठेवावे, हा त्यामागचा विचार. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी आले.

३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल पेटली, दोन माणसे मेली, आणि लष्कराच्या बंदोबस्तात दुसऱ्या दिवशी त्याचे नाव पटावर चढले. तो तंटा प्रवेशाचा होता. आमच्याकडे मात्र दलित विद्यार्थी पाव शतकाहून अधिक काळ महाविद्यालयांच्या बाकांवर बसत असता, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव करताच आग लागली, आणि तीही खेड्यांत, जिथल्या बहुतेकांनी विद्यापीठाची इमारत पाहिलेली नव्हती. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीस पोचिराम कांबळे या दलित ग्रामस्थाला जिवंत जाळण्यात आले.

प्रवेश दिलेला माणूस पाहुणा म्हणून सोसता येतो. ज्याचे नाव संस्थेवर चढते त्याचे लोक तिचे धनी ठरतात, आणि वतनी कामे नाकारून गायरान कसू पाहणाऱ्या माणसाचे हे धनीपणच गावाला सहन झाले नाही, असे माझे मत आहे. मराठवाडा हे नाव निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाची स्मृती आहे, असे म्हणणाऱ्यांत निष्ठावान माणसेही होती. परंतु वस्त्या जळू लागल्यावर त्या युक्तिवादाचे बळ सरले.

नामांतराचा तो प्रश्न लोंबकळत असतानाच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातील आमची किल्लारी जमीनदोस्त झाली. नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी नांदेडला आत्मदहन केले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी, आम्ही किल्लारीकर पत्र्यांच्या शेडांत असताना, विद्यापीठाचे जुने नाव कायम ठेवून त्याआधी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. पुढे भूकंपग्रस्तांच्या नव्या वसाहतींत घरे मिळाली तीही जमिनीच्या मापाने: भूमिहीनास अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरांवरील धारकास साडेसातशे. दार सर्वांस उघडले म्हणून हिस्सा सारखा होत नाही, हे आम्ही राहून पाहिले आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन होऊन लातूर जिल्हा, आणि त्यासोबत किल्लारी, त्याच्या कक्षेत आली. त्यावर मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव पहिल्या दिवसापासून आहे, आणि ते सर्वथा योग्य आहे. बाबासाहेबांच्या नावास मात्र साडेपंधरा वर्षे लागली. या दोन्ही विद्यापीठांतून पदवी घेणाऱ्या प्रत्येकास पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे कोण होते हे अभ्यासक्रमातून शिकवले जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.